पहिली ओळ रिकामी का सोडायची? : स्पाइसची गोष्ट



आजचा विषय लढाईचा नाही, पण माझ्या आयुष्याचा बराच भाग ज्या गोष्टींत गेला त्यांच्याशी जोडलेला आहे. मी सिग्नल्सचा माणूस. महूला शिकलो, नंतर देशभर फिरलो आणि आता महूपासून हाकेच्या अंतरावर इंदुरात स्थायिक झालो. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, नातवंडं सांभाळतात. मी गेल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक सर्किटं संगणकावर काढायला आणि चालवून बघायला शिकलो. शिकवणारी माझी भाची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिकता शिकता या सॉफ्टवेअरमागचा इतिहास उलगडत गेला, तोच आज सांगणार आहे. व्हिडिओत काही गोष्टी पडद्यावर दाखवल्या होत्या, इथे त्या शब्दांत मांडतो.

सुरुवात एका गुणगुणण्यापासून. ८० च्या दशकात कोर्सवर असताना मी हौसेनं एक पॉवर सप्लाय बांधला होता. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पुढे ७८१२ नावाचा रेग्युलेटर. रेडिओ जोडला की आवाजामागे एक सलग गुणगुण. आमचे उस्ताद, म्हणजे फौजेच्या भाषेत शिकवणारे जेसीओ, त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "साब, बड़ा कपॅसिटर लगाओ." लावला. गुणगुण गेली. का गेली हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

हे 'का' पुढे मला फार महाग पडलं. काही वर्षांनी एका उंचावरच्या ठाण्यावर बाहेरून घेतलेला एक संच बंद पडला. आतला दोष एका सीलबंद मॉड्यूलमध्ये होता. बनवणाऱ्यांनी त्या मॉड्यूलची आकृती दिलेली नव्हती. माझ्याकडे मल्टीमीटर होता, सोल्डरिंगची इस्त्री होती, हुशार कारागीर होते, पण आत काय आहे हेच माहीत नव्हतं. मॉड्यूल खाली पाठवलं, तिथून पुढे गेलं, आणि ते परत येईपर्यंत बर्फ पडून वितळलं होतं. तेवढा काळ त्या ठाण्याचा एक दुवा कमी होता. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. पण भाग बदलता येणं आणि भाग समजणं यांतला फरक मला त्या हिवाळ्यात कळला.

आता १९६९-७० च्या अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियातलं बर्कली विद्यापीठ. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर होते. त्याच विद्यापीठात रोनाल्ड रोहरर नावाच्या तरुण प्राध्यापकांनी सर्किटच्या संगणकीय विश्लेषणाचा एक वर्ग घेतला. लॉरेन्स नेगल हा त्या वर्गातला विद्यार्थी. त्यानं पुढे सांगितलेली हकिकत अशी : पहिल्याच दिवशी रोहररांनी जाहीर केलं की नेहमीची व्याख्यानं होणार नाहीत. सगळ्यांनी मिळून सर्किट चालवून दाखवणारा प्रोग्राम लिहायचा. परीक्षक एकच, डोनाल्ड पेडरसन. त्यांना प्रोग्राम पसंत पडला तर सगळे पास, नाहीतर सगळे नापास. फौजेत याला आपण सामूहिक जबाबदारी म्हणतो. एरवी सामूहिक शिक्षाही म्हणतो.

पेडरसनच का? कारण ते सहजासहजी पटणारे गृहस्थ नव्हते आणि त्यांना अशा प्रोग्रामची खरी गरज होती. ६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी विद्यापीठातच इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे आयसी, बनवण्याची प्रयोगशाळा उभी केली होती. त्याआधीची पद्धत सोपी होती. सर्किट सुचलं की फळीवर सुटे भाग जोडून बघायचं. आयसीत ते जमेना. एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर शेजारी शेजारी जन्मलेले दोन ट्रान्झिस्टर जुळ्या भावांसारखे वागतात, बाजारातून आणलेले दोन सुटे ट्रान्झिस्टर तसे वागत नाहीत. शिवाय फळीवरच्या तारांचे स्वतःचे परिणाम वेगळेच. म्हणजे फळीवर चाललेलं चिपवर चालेल याची खात्री नाही, आणि चिप बनवून बघायची तर वेळ आणि पैसा दोन्ही जातात. चूक आधी कागदावरच सापडणं आवश्यक होतं.

फौजेतल्या लोकांना हे लगेच कळेल. आपण हल्ल्याआधी सँड मॉडेल बनवतो. वाळूत टेकड्या, नाले, शत्रूचे मोर्चे. त्यावर काठी फिरवून विचारतो, इथून गेलो तर काय होईल? वाळूवर मेलेला माणूस परत उठतो. सर्किट सिम्युलेशन म्हणजे कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टरचं सँड मॉडेल.

वर्ग पास झाला. त्या कामातून जो प्रोग्राम घडला त्याचं नाव 'कॅन्सर'. हे एका लांबलचक नावाचं आद्याक्षरी रूप आहे : कॉम्प्युटर ॲनालिसिस ऑफ नॉनलिनिअर सर्किट्स, एक्सक्लूडिंग रेडिएशन. अरैखिक सर्किटांचं संगणकी विश्लेषण, किरणोत्सर्ग वगळून. हे 'वगळून' मुद्दाम घातलेलं आहे. त्या काळी असे बरेच प्रोग्राम अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिले जात, आणि अणुस्फोटाच्या किरणोत्सर्गात सर्किट टिकेल का, हे त्यांत तपासता यावं अशी अट असे. बर्कलीच्या पोरांनी नावातच सांगून टाकलं, ते आमच्याकडे मिळणार नाही. मी आयुष्यभर वर्दी घातलेला माणूस, मला हे वाचून आधी राग यायला हवा होता. हसू आलं. नाव ठेवणाऱ्यांना फौजेशी देणंघेणं नको होतं, आणि त्यांच्या कामाचा वारसा आज जगातल्या प्रत्येक फौजेच्या संचात आहे.

१९७१ मध्ये कॅन्सरवरचा शोधनिबंध छापून आला. मग रोहरर बर्कली सोडून गेले आणि नेगल पेडरसनांच्या हाताखाली आला. इथे या गोष्टीतलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं वळण आहे. पेडरसनांनी धरून ठेवलं की प्रोग्राम सार्वजनिक असला पाहिजे. कुणालाही घेता यावा, उघडून बघता यावा, बदलता यावा. त्यासाठी जुन्यातला जो भाग अडचणीचा होता तो बदलून पुन्हा लिहायला लावला. नावही बदललं, आणि बरं झालं. नवं नाव स्पाइस : सिम्युलेशन प्रोग्राम विथ इंटिग्रेटेड सर्किट एम्फसिस. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू इथल्या परिषदेत पेडरसनांनी तो मांडला. १९७५ मध्ये नेगलचा पीएचडीचा प्रबंध आणि त्याबरोबर स्पाइस-२ आला. त्याला रोजच्या वापरात टिकेल असं घट्ट करण्यात एलिस कोहेन यांचा मोठा हात होता, त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही म्हणून इथे घेतो.

मागणाऱ्याला चुंबकीय टेपवर उतरवून द्यायचे, साधारण टेपच्या खर्चात. विद्यार्थी पदवी घेऊन कंपन्यांत गेले तसा प्रोग्रामही त्यांच्याबरोबर गेला. चुका सापडल्या की कळवल्या जायच्या, सुधारल्या जायच्या. बर्कलीनं त्यावर कुंपण घातलं असतं तर एका कंपनीला एक चांगलं उत्पादन मिळालं असतं, एवढंच. नेगल पुढे बेल लॅब्जमध्ये गेला. पेडरसनांना १९९८ मध्ये आयईईई या संस्थेचं मेडल ऑफ ऑनर मिळालं, आणि २०११ मध्ये त्याच संस्थेनं स्पाइसला तंत्रज्ञानाच्या इतिहासातला मैलाचा दगड म्हणून मान दिला.

आता भाचीच्या शिकवणीकडे येतो.

तिनं मला थेट माऊसनं चित्र काढू दिलं नाही. म्हणाली, "मामा, आधी नेटलिस्ट हातानं लिही. मग चित्र." नेटलिस्ट म्हणजे सर्किटची हजेरी. एका ओळीत एक भाग : भागाचं नाव, तो कुठल्या नोडांमध्ये जोडलेला आहे, आणि किंमत. नोड म्हणजे तारांचा सांधा. जमिनीच्या नोडला शून्य म्हणायचं. मी व्यवस्थित लिहून काढलं, चालवलं, आणि उत्तर शून्य. ट्रान्सफॉर्मरच्या जागी ठेवलेला विद्युतस्रोत प्रोग्रामला दिसतच नव्हता. पाऊण तास गेला. ती चहा घेऊन आली, पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पहिली ओळ रिकामी सोड ना. पहिली ओळ वाचत नाही ते."

का वाचत नाही? याचं उत्तर बर्कलीच्या तळघरात आहे असं समजा. स्पाइस फोरट्रान भाषेत लिहिला गेला आणि तिथल्या सीडीसी ६४०० या मोठ्या संगणकावर चालायचा. त्याला माहिती द्यायची ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांनी. एक ओळ म्हणजे एक कार्ड. कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा, छापील कागद परत घ्यायचा. सगळ्यांत वरचं कार्ड म्हणजे शीर्षक, छापलेल्या निकालावर कुणाचं काम ते कळावं म्हणून. म्हणून पहिली ओळ नेहमी शीर्षकच. ओळ मावली नाही तर पुढच्या ओळीच्या पहिल्या रकान्यात अधिकचं चिन्ह, तेही कार्डाच्या जमान्यातलंच. पुठ्ठा गेला, खिडकी गेली, पण रिवाज तसाच राहिला. आमच्या मेसमध्येही असे काही रिवाज होते ज्यांचं कारण कुणालाच आठवत नव्हतं.

दुसरी ठेच याहून मोठी. कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर लावतात, यंत्र बंद केल्यावर साठलेला भार निचरून जावा म्हणून. त्याला ब्लीडर म्हणतात. मी त्याची किंमत एक मेगोहम ठेवली आणि लिहिताना १ पुढे मोठा 'एम' टाकला, जसा आम्ही आयुष्यभर कागदावर लिहीत आलो. आलेख आला. व्होल्टेज पाहिलं तर साधारण बरं, फक्त कपॅसिटर नसल्यासारखं उड्या मारत होतं. मग भाचीनं प्रवाह दाखवायला सांगितला. दहा हजार अँपिअरच्या वर! प्रत्यक्षात घरचा फ्यूज, डायोड आणि बहुधा टेबलावरचा चहा, सगळं उडालं असतं. संगणकाला घामही फुटला नाही.

कारण पुन्हा तेच. स्पाइस लहान आणि मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, आणि कार्डाच्या दिवसांत सगळं मोठ्या अक्षरांतच असायचं. मग मिली आणि मेगा वेगळे ओळखायचे कसे? 'एम' म्हणजे मिली असं ठरलं, मेगासाठी 'एमइजी'. मी मेगोहमऐवजी मिलिओहम लिहिला होता. अब्जपटीची चूक, एका अक्षरात. पन्नास वर्षं झाली, जगभरचे विद्यार्थी याच दगडाला ठेचाळतात. आता त्यांच्यात एक निवृत्त अधिकारीही आहे.

हे सगळं दुरुस्त झाल्यावर प्रोग्राम आत काय करतो, ते विचारलं. डायोड सरळमार्गी नसतो. रेझिस्टरला दुप्पट व्होल्टेज दिलं तर दुप्पट प्रवाह, डायोडला थोडं वाढवलं तर प्रवाह कित्येक पटीनं वाढतो. त्यामुळे समीकरण एका फटक्यात सुटत नाही. प्रोग्राम एक अंदाज धरतो, प्रत्येक नोडवर येणारा आणि जाणारा प्रवाह जुळतो का बघतो, हा किरखॉफचा १८४५ सालचा नियम, आणि जुळला नाही तर वक्राचा उतार बघून अंदाज सुधारतो. पुन्हा तपासतो. ही न्यूटनची पद्धत. तोफखान्याच्या मित्रांनो, हे तुमचं रेंजिंग आहे. पहिला गोळा पुढे, दुसरा मागे, ऑब्झर्व्हर सुधारणा सांगतो, तिसरा जवळ. आणि कधी कधी गोळे जवळ येण्याऐवजी लांबच जाऊ लागतात. तेव्हा स्पाइस उत्तर जुळत नाही म्हणून थांबतो. नवशिक्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं. बहुतेक वेळा एखादा नोड कुठेच जमिनीशी जोडलेला नसतो.

आणि मग माझी ४० वर्षांपूर्वीची गुणगुण पडद्यावर दिसली. दिसली, ऐकू आली नाही. ब्रिजनंतर व्होल्टेजची शिखरं साडेपंधराच्या आसपास. दोन शिखरांच्या मधे कपॅसिटर एकटा रेडिओला पुरवतो. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे ब्रिजनंतर सेकंदाला १०० शिखरं. अर्धा अँपिअर घेतला तर १००० मायक्रोफॅरड दर वेळी साडेतीन-चार व्होल्ट खाली येतो, म्हणजे साडेअकराच्या घरात. ७८१२ ला बारा द्यायचे तर आत साधारण चौदा हवेत. सेकंदाला १०० वेळा तो उपाशी राहायचा, तीच गुणगुण. कपॅसिटर ४७०० केला, तळ सव्वाचौदाच्या वर आला, रेषा सपाट. उस्तादांचं बरोबर होतं. आज ते असते तर त्यांना हा आलेख दाखवला असता. बहुधा म्हणाले असते, "साब, मैंने तो पहले ही बोला था."

मी तसाच सप्लाय टेबलावर बांधला आणि दुपारी तो छान चालला. संध्याकाळी गुणगुण परत. संगणकात सगळं बरोबर, टेबलावर चूक! भाचीनं विचारलं, "मामा, तू मेन्स किती धरलीस?" २३० धरली होती. मल्टीमीटर लावला, उन्हाळ्याची संध्याकाळ, आमच्या गल्लीत २००. तो आकडा दिल्याबरोबर पडद्यावरची शिखरं सव्वातेरावर उतरली. शिखरच चौदाच्या खाली, मग कपॅसिटर बादलीएवढा लावला तरी काय उपयोग. १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागणार होता, आणि मग रात्री मेन्स २५० झाली की रेग्युलेटरवर चार-साडेचार वॉट उष्णता, म्हणजे हीटसिंकही. सँड मॉडेलवर नाला कोरडा दाखवला तर काठी नाल्यातून कोरडी जाते. पाऊस पडला आहे का, ते गस्तीनं जाऊन बघायचं असतं.

राहिला प्रश्न, हे सगळं इंदूरच्या एका घरात फुकट कसं आलं. पेडरसनांनी सोडलेल्या पाण्याला अनेक फाटे फुटले. १९८४ मध्ये मायक्रोसिम या कंपनीनं पीस्पाइस काढला आणि स्पाइस आयबीएमच्या पीसीवर चालू लागला. त्याची लहान सर्किटांपुरती फुकट आवृत्ती आपल्याकडच्या कॉलेजांत घरोघरी पोचली म्हणा ना. बर्कलीतच थॉमस क्वार्ल्स यांनी तो सी भाषेत नव्यानं लिहिला, तो स्पाइस-३. लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीत माइक एंगेलहार्ट यांनी एलटीस्पाइस लिहिला. तो फुकट वाटला गेला, पण त्याचा कोड उघडा नाही. स्पाइस-३ वरून मुक्त स्रोताचा एनजीस्पाइस निघाला. चित्र काढण्याच्या बाजूला फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे जीन-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये कीकॅड सुरू केला. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या अणुविज्ञान संस्थेनं त्यात मोठी भर घातली, आणि २०१८ च्या पाचव्या आवृत्तीपासून कीकॅडमध्येच एनजीस्पाइस चालवता येऊ लागला. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या आवृत्त्या आहेतच. चिप बनवणारे त्याच वापरतात आणि त्यांची कारणं योग्य आहेत. पण शिकणाऱ्याला त्यांची गरज नाही.

आपल्याकडे पवईला, आयआयटी मुंबईत, फॉसी नावाचा प्रकल्प आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या पैशावर तो शिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअर पसरवतो. त्यांनी कीकॅड, एनजीस्पाइस आणि आणखी काही हत्यारं एका छपराखाली आणून ईसिम बनवला. चित्र काढायचं, मग ते एनजीस्पाइसला समजेल असं रूपांतर करायची एक पायरी, तिथे स्रोतांची किंमत विचारतो, आणि मग चालवायचं. मी यावरच शिकलो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे असतात, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज देण्याचं काम तिथे होतं. बेळगाव, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर, कुठेही असा, साधा लॅपटॉप पुरतो.

भाचीनं परवा विचारलं, "मामा, तुझं ते सीलबंद मॉड्यूल आज मिळालं तर?" मी म्हटलं, आधी बाहेरच्या पायांवर मोजमाप घेईन, मग आत काय असू शकेल याचं एक चित्र काढीन, चालवून बघीन, जुळेपर्यंत बदलत राहीन. सगळं कळेलच असं नाही. पण खाली पाठवण्याआधी निदान चिठ्ठीवर दोष कुठे आहे ते लिहून देता येईल. त्या हिवाळ्यात मी चिठ्ठीवर फक्त 'बंद' एवढंच लिहिलं होतं.

पुढच्या भागात हाच पॉवर सप्लाय, १५ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचा, कीकॅडमधून पीसीबीवर नेऊ. तोवर ईसिम उतरवून ठेवा. आणि ब्लीडर लावलात तर एमइजी लिहा.